न सांगितलेली चटणी

दादर स्थानकाबाहेर, संध्याकाळच्या गर्दीत, वडापावच्या गाडीशी थांबलेला माणूस ‘एक द्या’ एवढेच म्हणतो. लसणीची सुकी चटणी घाला, असे तो सांगत नाही. ती पडणार हे गृहीतच असते आणि ज्याला ती नको असेल त्यालाच तोंड उघडावे लागते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनला (नाव दिलेल्या, हव्या तेव्हा वापरता येणाऱ्या सूचनांच्या संचाला) पुरवलेल्या मूल्याला आर्ग्युमेंट म्हणतात. ऐच्छिक आर्ग्युमेंट या चटणीसारखेच असते: फंक्शनच्या व्याख्येत ‘चटणी’ या नावापुढे बरोबरचे चिन्ह घालून ‘सुकी’ लिहिले, की फंक्शन वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास तेच मूल्य धरले जाते. (पायथन ३ मध्ये अशी नावे खरोखरच देवनागरीत लिहिता येतात, राखीव शब्द तेवढे इंग्रजी राहतात.)

परंतु हे मूल्य ठरते कधी? नवशिक्यांना ठेच लागते ती इथेच. ते प्रत्येक वेळी नव्याने तयार होत नाही, तर व्याख्या अमलात येते त्या क्षणी एकदाच तयार होते. समजा, ‘बिल’ या फंक्शनला आपण असे न सांगता धरले जाणारे मूळ मूल्य म्हणून रिकामी लिस्ट, म्हणजे यादी, दिली आणि मागितलेला प्रत्येक जिन्नस तिच्यात भरत गेलो. पहिल्या गिऱ्हाइकाने दोन वडापाव घेतले, दुसऱ्याने नुसता चहा. तरी दुसऱ्याच्या बिलात वडापावही दिसतात, कारण लिस्टची पाटी दोघांसाठी एकच होती आणि ती कोणी पुसली नव्हती. म्हणून जाणकार मूळ मूल्य ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवतात आणि नवी लिस्ट फंक्शनच्या आत तयार करतात. हा भाषेचा दोष नव्हे, पण पहिल्या आठवड्यातच सांगायला हवी अशी गोष्ट नक्कीच आहे.

गिऱ्हाईक किती जिन्नस मागेल हे आधी ठाऊक नसते, तेव्हा नावाआधी एक तारांकन येते आणि सुटी मूल्ये एका टपलमध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या यादीत, गोळा होतात. दोन तारांकने असतील, तर नावानिशी दिलेली जादा मूल्ये डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संग्रहात, जातात. या तारांकनांपुढे नेहमी दिसणारी ‘आर्ग्ज’ आणि ‘क्वार्ग्ज’ ही नावे केवळ रूढीची आहेत, काम तारांकन करते.

एका तारांकनानंतर लिहिलेला पॅरामीटर (व्याख्येतले मूल्याचे नाव) मात्र नाव घेऊनच द्यावा लागतो. २००८ साली आलेल्या पायथन ३.० मधील ‘प्रिंट’ फंक्शन कितीही मूल्ये स्वीकारते. पण दोन मूल्यांमध्ये स्वल्पविराम हवा असेल, तर ‘सेप’ (सेपरेटर, म्हणजे विभाजक) हे नाव घ्यावेच लागते. नाव न घेता दिलेला स्वल्पविराम ते आणखी एक जिन्नस समजून पडद्यावर छापून मोकळे होते.