भोंगा, फाटक आणि खाडा

गिरणगावात ‘खाडा’ हा शब्द फार जड होता. कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणत आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. पण घरून पहाटेच निघूनही फाटक बंद झाल्यावर पोहोचलेल्या कामगाराच्या नावापुढे अनेकदा हाच खाडा पडत असे. काही मिनिटांचा उशीर आणि दिवसभराची गैरहजेरी यांत हजेरीपट फरक करत नसे. उशिरा येणारा माणूस कसा असतो, हा प्रश्न आपण एरवी शिस्तीच्या आणि संस्कारांच्या संदर्भात विचारतो. आज तो लालबाग-परळच्या फाटकांसमोर उभे राहून विचारायचा आहे.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे या शहरात आली. ती बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती आणि त्यांना वेळेचे भान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण वापसा, म्हणजे पेरणीजोगी जमिनीतली ओल, चुकला तर पेरणी फसते आणि पेरणी फसली तर वर्ष हातचे जाते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांची वेळ नक्षत्रांवर चालत होती. मिनिटांवर चालणारी वेळ त्यांना इथे येऊन शिकावी लागली, आणि तीही घरात घड्याळ नसताना. ते काम गिरणीचा भोंगा करी. एका खोलीत दहा-बारा जण, मजल्याला एखादा नळ, संडासापुढे रांग आणि खानावळीतला डबा, एवढ्या अडथळ्यांतून तो माणूस भोंग्याच्या आधी फाटकाशी पोहोचत असे. म्हणूनच तो एखाद्या दिवशी उशिरा आला, तर त्यावरून त्याच्या स्वभावाचा निवाडा करण्याआधी त्या दिवशी नळाला पाणी किती वाजता आले, हे विचारायला हवे होते.

फाटकाबाहेर आणखी एक रांग असे, बदली कामगारांची. कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायला मिळेल, या आशेने ही माणसे रोज सकाळी येऊन थांबत. कोणाला आत घ्यायचे, हे दीर्घकाळ मुकादमाच्या मर्जीवर होते. पाळी सुरू होईपर्यंत बदलीवाल्याला आपला दिवस भरणार की रिकामा जाणार, हे कळत नसे. आणि ज्याची जागा त्याला मिळे, तो पुष्कळदा त्याच्याच गावचा, कधी त्याच्याच खोलीतला असे. कोणाचा तरी खाडा म्हणजे आपली भाकरी, अशा कोंडीत सकाळी सकाळी उभे राहणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार वक्तशीरपणाचे धडे देताना कोणी करत नाही. तो स्वतः मात्र रोज वेळेवर येत होता, बहुतेक वेळा परत जाण्यासाठीच.

घड्याळ तरी एक होते का? १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. फाटक उघडण्याचा तास तोच ठेवून घड्याळ तेवढे पुढे केले, की कामगाराला सूर्याच्या हिशेबाने पाऊण तासाच्या आसपास आधी निघावे लागणार होते. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवले आणि गिरणीवर दगडफेक झाली. शहरातले सुशिक्षितही नव्या वेळेविरुद्ध सभा घेत होते आणि अर्ज करत होते. महापालिकेने तर मुंबईची वेळ पुढे अनेक वर्षे, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही काळ, सांभाळली. त्यामुळे एकच माणूस एका घड्याळाने वेळेवर आणि दुसऱ्या घड्याळाने उशिरा ठरू शकत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर हे भोंगे एकेक करून थांबले. आज लोअर परळला त्याच जमिनींवर काचेच्या इमारती आहेत आणि विरार-बदलापूरहून लोकलने येणारी माणसे दाराशी बोट टेकवून हजेरी लावतात. गिरणी कामगार चालत येत होता. यांचा ‘लेट मार्क’ मात्र त्यांच्या हाती नसलेल्या रुळांवर ठरतो.

मात्र आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १८८४ चा एक अर्ज. त्या वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, या मागण्यांबरोबर एक मागणी अशीही होती, की केलेल्या कामाची मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावी. ही मागणी करावी लागली, यातच सारे आले. भोंग्यानंतर आलेल्या माणसाला फाटकाबाहेर ठेवणारी गिरणी त्याची मजुरी मात्र आठवडेच्या आठवडे लांबवत होती. तेवढे दिवस वाण्याचे उधार चालत होते आणि गावाकडे जाणारी मनीऑर्डर थांबत होती. या उशिरासाठी कोणत्याही हजेरीपटावर रकाना नव्हता, आणि त्यावरून मालक आळशी किंवा बेजबाबदार असल्याचा निष्कर्षही कोणी काढला नाही.

साप्ताहिक सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली. मजुरी वेळेवर द्यावी, असा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले. त्यात हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांसाठी महिना संपल्यापासून सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांसाठी दहा दिवसांची मुदत ठरली. त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची गिरणीतली पाळी तोवर कधीच संपली होती.