वॉर्डातली नोंद आणि सिस्टरचा मान

नमस्कार. आपल्या विदर्भातल्या गावांत मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतला की पहिली चौकशी होते ती सरकारी नोकरीची. त्यापुढेही वाट आहे. ३ वर्षांच्या जीएनएम या नर्सिंग पदविकेनंतर २ वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी आणि पुढे २ वर्षांचे एमएस्सी करून अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, होऊ शकते, स्वतः संशोधन करू शकते. मात्र पदवीने सारे भागत नाही, हे फवारणीच्या हंगामातल्या वॉर्डात कळते.

कपाशीवर फवारताना विषबाधा झालेला शेतकरी दाखल होतो, ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू होते, आणि सिस्टर ठरावीक अंतराने नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतली घरघर पाहून तक्त्यात लिहीत राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण सावरल्यासारखा वाटतो, नातेवाईक सुट्टीचे विचारू लागतात, आणि नेमकी तेव्हाच त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत साधारण १ ते ४ दिवसांच्या दरम्यान श्वासाचे स्नायूही दुबळे पडू शकतात, आणि मानेचा अशक्तपणा ही त्याची महत्त्वाची खूण असते. ती दिसते खाटेजवळच्या सिस्टरला. परंतु मागच्याच राउंडला नातेवाइकांसमोर जिला झापले गेले, ती रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करायला कचरते. सिस्टरच्या सन्मानाचा प्रश्न असा थेट रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो, असे माझे ठाम मत आहे.

चांगली अधिसेविका (मेट्रन), चूक दाखवायची ती ड्युटी रूममध्येच, हे डॉक्टरांशी बोलून ठरवून घेते. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला नव्या मुलीलाही बोलते करते. हंगाम सरल्यावर तेच तक्ते बाहेर काढून, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, दर पाळीला मान तपासल्याने धोका किती आधी कळतो, याचा अभ्यास ती विद्यार्थिनींकडून करून घेऊ शकते. संशोधनाला महानगरच लागते असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या गावच्या स्त्रियांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू घटवले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

एक गोष्ट मात्र अधिसेविकेच्या स्वभावावर सोडलेली नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, मग ते तालुक्यातले खासगी रुग्णालय का असेना. रुजू होताना त्या समितीवर कोण आहे, हे अवश्य विचारा.