दीड किलोचं बाळ आणि अख्खं घर

नमस्कार श्रोतेहो. कुटुंब माणसाच्या गरजा कशा भागवतं, हा आजचा विषय. अन्न, वस्त्र, निवारा, माया, म्हातारपणचा आधार ही यादी तुम्हाला तोंडपाठ आहे, ती मी वाचत बसत नाही. मी त्यातली एकच गरज घेते, जन्मल्या क्षणापासून लागणारी. ऊब. आणि एकच घर घेते, ज्यात नुकतंच दीड किलोचं बाळ आलंय.

दीड किलोच्या बाळाला थंडी का सोसत नाही, ते आधी सांगते. त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवणं त्याला जमत नाही. जाळून उष्णता देणारी खास चरबी पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत साठते आणि हे बाळ तर त्याआधीच बाहेर आलेलं असतं. गार पडलं की रक्तातली साखर खर्च होते, प्राणवायू जास्त लागतो, दूध ओढायची ताकद जाते. दूध पोटात गेलं नाही की ते आणखी गार पडतं. म्हणून अशा बाळाला काचेच्या उबदार पेटीत ठेवतात.

पण काचेच्या पेट्याच पुरेशा नसतील तर? इथे मला तुम्हाला थेट दक्षिण अमेरिकेत न्यायचंय. कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवरचं, बारा महिने गारठ्याचं शहर. तिथे 'इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फांतील' नावाचं बाळंतपणाचं मोठं सरकारी रुग्णालय होतं, शहरातल्या गरिबातल्या गरीब बायका तिथे येत. साल १९७८. अपुऱ्या दिवसांची बाळं इतकी, की एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाला जंतुसंसर्ग झाला की शेजारच्याला झालाच. आयांना आत येऊ देत नसत. बाळ आठवडेच्या आठवडे काचेपलीकडे, आईच्या हातात काहीच नाही. तिचं दूध आटायचं, आणि काही आया तर बाळाला न्यायला परतच यायच्या नाहीत. गरिबी होतीच. पण जे बाळ कधी कुशीत घेतलं नाही, त्याचा लळा लागणार तरी कसा?

तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांच्या वाचनात त्या सुमारास कांगारूंबद्दलची माहिती आली, असं सांगतात. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं, वजन एक ग्रॅमही नाही. तसंच ते चढत आईच्या पिशवीत जातं, स्तनाला लागतं आणि पुढचे कित्येक महिने तिथेच वाढतं. ऊब, दूध आणि आसरा, तिन्ही एका जागी. डॉ. रेय यांनी हेच आपल्या वॉर्डात आणलं. प्रकृती स्थिरावलेलं बाळ पेटीतून काढलं आणि आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं, उभं बांधलं. दूध आईचंच. आणि बाळ अंगावर पिऊ लागलं, वजन घेऊ लागलं, की तसंच छातीवर बांधून लवकर घरी पाठवायचं, तपासणीला मात्र वरचेवर बोलवायचं. पुढच्याच वर्षी डॉ. एक्तोर मार्तीनेस यांनी हे काम हाती घेऊन वाढवलं.

पुन्हा सांगते, कारण या कांगारू पद्धतीचे हे तीन पाय आहेत आणि एकही काढला तर सगळं कोसळतं. छातीवर कातडीला कातडी. आईचं दूध. लवकर घरी, पण नियमित तपासणी.

१९८३ मध्ये दोघा डॉक्टरांनी आपले आकडे मांडले, आणि जगभरातून शंका आल्या. शंका रास्तही होत्या. जी बाळं जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच जातात, ती छातीवर यायच्या आधीच गेलेली असत. मग जगलेल्यांचं प्रमाण फुगून दिसणारच. शिवाय, पेट्या परवडत नाहीत म्हणून काढलेली ही गरिबांची सोय, असंही बोललं गेलं. फ्रान्सहून कोलंबियात आलेल्या डॉ. नताली शारपाक यांनी मग हे पारखून घ्यायचं ठरवलं. १९९३ ते १९९६ या काळात, बोगोटातच, दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या ७०० हून जास्त बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एक गट कांगारू, दुसरा नेहमीच्या पद्धतीचा. वर्षभरानं पाहिलं तर कांगारू गटात मृत्यू वाढले नव्हते. उलट गंभीर जंतुसंसर्ग कमी होता आणि रुग्णालयातला मुक्कामही.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण शारपाक आणि त्यांचे सहकारी २० वर्षांनी पुन्हा त्याच मुलांचा शोध घेत गेले. मुलं आता वीस-एकवीस वर्षांची. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. छातीवर वाढलेल्या मुलांची शाळा कमी बुडाली होती. त्यांच्यात आक्रमकपणा आणि चंचलपणा कमी होता, समाजाच्या विरोधात जाणारं वागणं कमी होतं. आणि त्यांच्या घरांबद्दलची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. ती घरं मुलांना जास्त जपणारी, जास्त माया देणारी निघाली. याच बाळांच्या पहिल्या वर्षाच्या पाहणीतही दिसलं होतं की बाप जिथे या कामात उतरला, तिथलं घरातलं वातावरण बाळाला जास्त पोषक होतं. श्रोतेहो, कुटुंबामुळे समाज बळकट होतो असं आपण भाषणांत म्हणतो. त्याला इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो. बाळाला छातीशी धरायला शिकलेलं घर पुढे त्याची शाळाही सांभाळतं.

आपल्याकडचंही सांगते. भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमच्या आतली बाळं, तीही प्रकृती स्थिरावण्याची वाट न बघता, जन्मल्याबरोबर छातीवर. २०२१ मध्ये निकाल आला. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीच्या गटात शेकडा १५.७, तर छातीवर घेतलेल्या गटात १२. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये शिफारस केली, रोज किमान ८ तास, जमेल तर २४ तासांपर्यंत.

इथे एक मनातलं बोलून घेते. आपल्या कितीतरी रुग्णालयांत नवजात कक्षाच्या दारावर पुरुषांना मज्जाव असतो. बाप जिन्यात बसून औषधांच्या चिठ्ठ्या आणून देतो, एवढंच त्याचं काम. त्याला हात धुवायला लावा, गाउन द्या, पाठ टेकायची खुर्ची द्या आणि आत घ्या. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी कारखान्यातल्या, दुकानातल्या बापाला ती कायद्यानं मिळत नाही. त्याची छाती काय गार असते?

असो. आता घरी कसं करायचं ते नीट ऐका. पहिल्यांदा नर्सबाईंच्या देखरेखीखालीच करून बघा आणि डॉक्टरांनी सुट्टी दिल्यावरच घरी सुरू करा.

छातीवर घेणारं माणूस आई, बाप, आजी, आत्या, मावशी, कुणीही चालेल. खोकला, ताप, कातडीचा रोग नको. अंघोळ केलेली, नखं कापलेली, केस बांधलेले. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्राला बायका बिचकतात. थेट कातडीवर झोपणाऱ्या बाळाच्या गालाला वाटी रुतते, ते समजावलं की सासूबाई स्वतःच काढायला सांगतात. अत्तर, पावडर नको. आईला पुढून उघडणारा गाउन, बापाला पुढून बटणांचा सदरा.

बाळाला फक्त टोपडं, पायमोजे आणि लंगोट. थंडीत पुढून उघडं झबलं चालेल, पण छाती आणि पोट उघडं हवं. बाळ उभं, आईच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध. हात दुमडलेले, पाय बेडकासारखे फाकून वर घेतलेले. डोकं एका कुशीला वळवलेलं, मान किंचित मागे. मानेची गोष्ट पुन्हा सांगते, कारण चूक इथेच होते. मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दबते, आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ धडपड न करता श्वास थांबवतं. फार मागे गेली तरीही वाट दबते. मान किंचित मागे, नाक-तोंड मोकळं, चेहरा दिसता.

मग बांधायचं. आजीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं यासाठी फार छान. वरची कड बाळाच्या कानाखाली येऊ द्या. छातीवर घट्ट, पोटावर सैल. बाळ पोटानं श्वास घेतं, तिथे आवळलं की दम लागतो. आई उभी राहिली तरी बाळ घसरता कामा नये. वरून सदरा किंवा शाल, पण चेहऱ्यावर नाही. बसताना पाठीला उशा लावून अर्धवट रेलायचं. अगदी आडवं होऊन नाही. एका वेळी कमीत कमी एक तास, कारण सारखं काढघाल केलं की बाळाची ताकद त्यातच जाते.

ऊब पुरते आहे का, हे हातानं कळतं. हाताच्या पाठीनं पोट आणि तळपाय बघा. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीवर घ्या. दोन्ही गार, तर छातीवर घेऊनच दवाखाना गाठा. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. शेगडी, धुरी, गरम पाण्याची पिशवी मुळीच नको. धुरानं छाती भरते, बंद खोलीत कोळशाचा वायू जिवावर येतो, आणि एवढ्या नाजूक कातडीला भाजायला क्षण पुरतो. अंघोळही नको, वजन दोन किलोच्या वर जाऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नुसतं पुसून घ्या.

दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. अंगावर ओढता येत नसेल तर पिळून काढलेलं, वाटी-चमच्यानं किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्यानं. आठवडाभराच्या, दीड किलोच्या बाळाला एका वेळी साधारण २० मिलिलिटर लागतं. तुमच्या बाळाचा नेमका आकडा डॉक्टर लिहून देतील. मध, गुटी, पाणी काही नाही.

आणि आता घराचा हिशेब. दिवसाला १२ वेळा दूध, पिळण्यापासून पाजण्यापर्यंत प्रत्येक वेळेला अर्धा तास धरला तर ६ तास. छातीवर किमान ८ तास. हेच १४ झाले. उरलेल्या १० तासांत आईची तुकड्या-तुकड्यांची झोप, जेवण, अंघोळ. यात भाकऱ्या, धुणं, मोठ्या मुलाची शाळा कुठे बसवणार? बसत नाही. ते ओढून बसवलं की दोन आठवड्यांत छातीवरचे तास गळतात, आणि मग बाई म्हणते, कांगारू आमच्याकडे जमलं नाही. म्हणून सुट्टी मिळायच्या आधीच घरातल्यांनी बसून वेळा ठरवा. बापानं रात्री जेवणानंतरचे दोन तास आणि पहाटेचे दोन. दुपारी आई झोपेल तेव्हा आजी. चूल कुणाची, पाणी कुणाचं, मोठ्याला शाळेत सोडणं कुणाचं, नावं घेऊन ठरवा. घरात दोघंच असतील तर बहिणीला, शेजारणीला आत्ताच विचारून ठेवा. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात. हे वेळापत्रकही त्यावर छापलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बाळ बघायला येणाऱ्यांना दारातूनच थांबवायचं काम घरातल्या वडीलधाऱ्यांचं. सुनेला ते बोलता येत नाही. बारसं पुढे ढकला. नाव काही पळून जात नाही, आणि गर्दीतला एक खोकला या बाळाला महागात पडतो.

आशाताई ठरल्या दिवशी येतील, रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन त्यांच्याकडून करून घ्या. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. त्यानंतर दीड किलोच्या बाळानं दिवसाला २० ते ३० ग्रॅम घ्यायला हवेत. घेत नसेल तर आधी दुधाच्या वेळा मोजा, मग छातीवरचे तास मोजा; कारण बहुतेक वेळा यांतच सापडतं. ही भेट आपल्याकडे आली त्यामागे गडचिरोलीच्या गावांतलं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचं काम आहे. तिथल्या ३९ गावांत घरोघरच्या नवजात काळजीनं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ मध्ये ते जगासमोर आलं.

थांबू नये अशी लक्षणं: श्वास मिनिटाला ६० च्या वर, बरगड्या आत ओढणं, श्वास मध्येच थांबणं, दूध सोडणं, झटके, ओठ निळे, तळवे पिवळे, ताप. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, आणि वाटेतसुद्धा बाळ छातीवरच.

हे किती दिवस करायचं? ते बाळच सांगतं. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की ते वळवळतं, पाय बाहेर काढतं, बांधलं की रडतं. मग नुसतं दुपट्यात गुंडाळा आणि अंघोळीनंतर, थंडीच्या रात्री अधूनमधून छातीवर घेत राहा. नमस्कार.