हलगी, किक आणि दहा बाय दहाची खोली

(दृश्य: गल्लीत पेटवलेले कागद, जाळावर धरलेली हलगी)

इचलकरंजीतलं एक पोरगं दहा बाय दहाच्या खोलीत डीजेवर वाजायचं हलगीचं गाणं बनवतंय, ते कसं ते बघू. कातडं तापलं की हलगी चढते. हलगी वाजवणारे काका मधेच बोटानं टिचकी मारून बघतात, अजून नाही, परत जाळावर. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवणं, खरं इथूनच सुरू होतं, कारण उतरलेली हलगी जगातलं कुठलंच प्लगइन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) चढवून देत नाही.

(दृश्य: इचलकरंजीतले माग, मग बंद कारखाना)

शेजारी मागांचा खडखडाट, त्यामुळे माग बंद असतील तेव्हाच रेकॉर्डिंग. माईक साधा डायनॅमिक, पण तो धरलाय कसा बघा, कातड्यासमोर नाही, कडेनं तिरका. बारीक काठीचा कड्‌कन येणारा फटका सरळ माईकवर बसला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पीक, म्हणजे सगळ्यात मोठा फटका, -10 डीबीच्या आसपास ठेवलाय. काका म्हणाले, एवढा बारीक आवाज? पोरगं म्हणतं, "काका, वाढवायला कंप्युटर हाय की."

(दृश्य: स्क्रीन, एफएल स्टुडिओ)

हे एफएल स्टुडिओ, 1997 ला फ्रूटीलूप्स नावानं आलेलं गाणं बनवायचं बेल्जियमचं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर खाली डावीकडं जो पट्टा पेटलाय ना, तो बेसचा, सगळी भांडणं तिथंच. किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, 55 हर्ट्झला, सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) बेस तिथंच, आणि त्यात हलगीच्या जोडीच्या घुमक्याचा घुमारा. तिघांना एकदम जागा मिळत नाही. मग घुमक्याचं 80 च्या खालचं कापायचं, हलगीचं तर 150 च्या खालचं सगळंच काढायचं, आणि किक पडली की बेस क्षणभर दबेल असं साइडचेन लावायचं. हलगीवर कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं टूल) आहे, पण अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, 30 मिलिसेकंद, म्हणजे फटका आधी निसटून जातो, दाबली जाते ती मागची घुमी.

(दृश्य: खोली, कोपऱ्यात रचलेले कापडाचे तागे)

आता खोली बघा. दहा बाय दहा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, आणि चौकोनी खोलीत दोन्ही बाजूंनी तोच आकडा. मधोमध बसलं की किक गायब, कोपऱ्यात गेलं की तीच किक छातीत. मधे बसणारा माणूस किक वाढवत राहतो आणि डीजेवर गेल्यावर नुसता चिखल ऐकू येतो. म्हणून खुर्ची मधनं सरकवून भिंतीकडं घेतलीय आणि कोपऱ्यात जाड तागे रचलेत. जादू नाही, थोडा फरक पडतो. अंड्याचे ट्रे मात्र कुणी लावू नका, बेसला त्यांचा काडीचा फरक पडत नाही.

(दृश्य: छोटा हत्तीचा स्टिरिओ, मग फोन कानाला)

चेकिंग असं चालतं. फोनच्या स्पीकरवर बेस येतच नाही, तिथं फक्त किकची टकटक आणि हलगी ऐकायची. गाडीत बेस. आणि मोनोचं (दोन्ही बाजूंना एकच आवाज) बटण दाबून एकदा ऐकायचंच, कारण बरेच डीजे मोनोवर वाजतात आणि स्टिरिओत लांब-रुंद वाटणारा सिंथ तिथं अर्धा खाल्ला जातो.

मास्टरिंगची, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवायची, रात्र कॅमेऱ्यात नाही, पण शेवटचा मीटर दिसतोय तो बघा. लिमिटर (आवाज ठरल्या हद्दीवर अडवणारं टूल) दोन-तीन डीबीच दाबतोय. गल्लीतली बाकी पोरं दहा-दहा दाबतात, मोठं वाटतं, पण हलगीची कडकड मरते, मग हलगी घ्यायची तरी कशाला? यूट्यूब तसंही जास्त मोठं गाणं -14 एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं लागतं त्याचं माप) आसपास खाली खेचतं, म्हणजे तुम्ही दाबून-दाबून मिळवलेला आवाज तिथं परत जातो. पीक -1 डीबीवर थांबवलाय, कारण फाइल लहान करताना पीक वर उसळतात.

डीजेसाठी दुसरी फाइल, थोडी कडक, व्हॉट्सअपला डॉक्युमेंट म्हणून.

(दृश्य: मिरवणूक, बेसच्या थप्प्या, नाचणारी पोरं)

नियमानं राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, इथं किती ते कानाला कळतंच, पुढं कानांचं काय होतं तेही.

ही किक त्याच खोलीतली. आता बघा हलगी कुठं येते… आली!