शंभराव्यांदा वाजणारी धून: फँटसी गेमचा संगीतकार निवडताना

[पडदा काळा. खर्जातला पुरुषांचा कोरस. हळूहळू बर्फाने झाकलेली डोंगररांग दिसू लागते.]

हा आवाज अनेकांनी ओळखला असेल. २०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या फँटसी गेमची ही सुरुवात. संगीतकार जेरेमी सोल. गायक होते ३०. त्यांच्याकडून तेच तीनदा गाऊन घेतलं, आवाज एकावर एक चढवले आणि ९० जणांचा कोरस उभा राहिला. शब्दसुद्धा गेमसाठी घडवलेल्या ड्रॅगनांच्या भाषेतले. फँटसी गेम म्हटलं की आज पुष्कळांच्या कानात पहिल्यांदा हेच घुमतं: ढोल, तुताऱ्या आणि गर्जना करणारा कोरस.

पण ‘स्कायरिम’मध्ये महिनोन्‌महिने रमलेल्या माणसाला विचारा, खेळताना सर्वांत जास्त काय ऐकलंस? त्याला हा कोरस आठवणार नाही. कोरस आहे तो सुरुवातीच्या पडद्यावर आणि ड्रॅगनशी झुंज लागते तेव्हा. एरवी बर्फातून एकटं चालताना व्हायोलिनचे लांबवलेले सूर येतात, मध्येच दोन-चार स्वर छेडून जातात, आणि बराच वेळ नुसता वारा.

नवा स्टुडिओ संगीतकार शोधायला निघतो तेव्हा हीच गोष्ट नजरेतून सुटते. ‘आम्हाला एपिक हवंय’ असं सांगितलं जातं. त्यातून सुरुवातीच्या पडद्याचं संगीत मिळतं. गेम मात्र ५० तासांचा असतो, कधी १०० तासांचा. दोन मिनिटांचा लूप, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजणारा तुकडा, एका तासात ३० वेळा फिरतो. खेळाडू ज्या गावात तलवार दुरुस्त करायला, औषधं घ्यायला, झोपायला पुन्हा पुन्हा येणार, त्या गावाची धून तो शेकडो वेळा ऐकणार. संगीतकार निवडायचा तो मुख्यतः या धुनेसाठी.

[जुन्या टीव्हीवर चौकोनी ठिपक्यांचा किल्ला. चिपचं संगीत.]

१९८६. जपान. फॅमिकॉम नावाच्या, टीव्हीला जोडून गेम खेळायच्या छोट्या यंत्रावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ येतो. संगीतकार कोइची सुगियामा तेव्हा ५५ वर्षांचे होते, टीव्हीच्या संगीतात नाव कमावलेले. एनिक्स कंपनीचा संगणकावरचा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा गेम खेळून त्यांनी अभिप्रायाचं पोस्टकार्ड पाठवलं होतं. कंपनीतल्या कुणीतरी कार्डावरचं नाव ओळखलं आणि ओळख जुळली.

हाताशी काय होतं बघा. ध्वनीच्या एकूण पाच वाहिन्या, त्यातल्या सुरावटीला उपयोगी जेमतेम तीन. ऑर्केस्ट्राचं नावही काढायला नको. अशा वेळी सुगियामांनी बरोक काळातल्या युरोपीय संगीताची वाट धरली. त्या शैलीत दोन स्वतंत्र सुरावटी एकमेकींना उत्तरं देत जातात आणि तेवढ्यानेच कान भरतो. राजवाडा दाखवायला चिपवर खोटा ऑर्केस्ट्रा उभारावा लागला नाही. रचनाच राजवाड्याला शोभणारी झाली. पुढच्याच वर्षी हे संगीत खऱ्या वादकांनी मैफलीत वाजवलं. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं तेही याच मालिकेच्या सुरावटीवर.

आता १९८७. तेच यंत्र, तोच देश, तोच प्रकार. गेम ‘फायनल फँटसी’. संगीतकार नोबुओ उएमात्सू, वय २८. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, जे आलं ते स्वतःच शिकलेलं; ओढा रॉककडे. सुरुवातीला त्यांनी काय ठेवलं? एकच सुरावट, स्वर सुटे सुटे, पायरीपायरीने वर चढणारे आणि तसेच खाली उतरणारे. ऐका.

[स्वरांची चढती-उतरती माळ. निवेदक थांबतो.]

ना ढोल, ना तुतारी. पण पुढे काहीतरी फार मोठं पसरलेलं आहे असं वाटतं. मालिकेच्या बहुतेक भागांत ही माळ पुन्हा भेटते आणि आजही खेळाडू तिला पहिल्या चार स्वरांत ओळखतात. सुगियामा आणि उएमात्सू यांच्या कामांत सुमारे दीड वर्षाचं अंतर, आणि तरी दोन जगं. माझ्या मते शैली आधी ठरवून मग तिला साजेसा माणूस शोधायचा, हा क्रम म्हणूनच लंगडा पडतो. माणूस निवडला की अर्धी शैली त्याच्याबरोबर येते.

मात्र जुन्या कामावरून माणूस पुरता कळतो असंही नाही. मोतोइ साकुराबा यांचं नाव ‘टेल्स’ आणि ‘स्टार ओशन’ या मालिकांमुळे झालेलं. तिथलं त्यांचं लढाईचं संगीत वेगवान, कीबोर्ड आणि ड्रमने सळसळणारं. त्यांच्या कामाचे नमुने एखाद्या निर्मात्याने २०१० साली ऐकले असते, तर उजाड, राखेने माखलेल्या जगासाठी हा माणूस नको, असंच म्हटलं असतं. पण २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’चं संगीत बहुतांशी त्यांचंच आहे.

[दगडी पायऱ्या. पावलांचा आवाज. चिलखताची खडखड. संगीत नाही.]

या गेममध्ये बहुतेक वाटा मुक्या आहेत. पावलं वाजतात, लोखंड वाजतं, कोपऱ्यापलीकडे कुणीतरी श्वास घेतं. संगीत उसळतं ते मोठ्या शत्रूच्या दालनात पाऊल टाकल्यावर. आणि ‘फायरलिंक श्राइन’ नावाच्या एका जागी, शेकोटीपाशी, मंद धून वाजते. तासभर धास्ती खाऊन खेळाडू तिथे परततो आणि ती धून कानावर पडते तेव्हा त्याचे खांदे खरोखर सैलावतात. सगळीकडे संगीत पसरलं असतं तर त्या शेकोटीला ही किंमत आली नसती. कुठे वाजवायचं नाही हे ठरवणंसुद्धा शैलीचाच भाग आहे. कित्येक गेममध्ये हा विचार होतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

[हर्डी-गर्डी वाजवणाऱ्या हातांचं जवळून दृश्य.]

आता वाद्यांकडे वळू. हे हर्डी-गर्डी. उजव्या हाताने दांडा फिरवला की आतलं लाकडी चाक तारांवर घासतं. डाव्या हाताची बोटं पट्ट्या दाबून सूर बदलतात. चाक थांबत नाही तोवर खालचा आधारसूर तुटत नाही, आपल्या तंबोऱ्यासारखा तो सतत चालू असतो. सूर स्वच्छ नाही, त्यात किंचित घरघर आहे, आणि त्या घरघरीतच मातीचा, धुराचा वास आहे.

२०१५ च्या ‘विचर ३’चे पोलिश संगीतकार मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रोइन्स्की यांनी पेर्सिवल या पोलिश लोकसंगीताच्या चमूला सोबत घेतलं. हा चमू जुनी वाद्यं वाजवणारा, गळा मोकळा सोडून जवळजवळ हाक मारल्यासारखं गाणारा. गेमचं जग स्लाव्हिक लोककथांवर उभं: पडकी खेडी, दलदली, लढाईने ओसाड झालेली शेतं. लढाई पेटते तेव्हा बायकांचे ते उघडे, धारदार आवाज अंगावर येतात. हॉलीवूडच्या धाटणीचा कोरस इथे लावला असता तर ही खेडी दुसऱ्याच कुठल्यातरी देशातली वाटली असती.

यशस्वी गेमची मात्र नक्कल होते. हर्डी-गर्डी गाजली की दहा ठिकाणी हर्डी-गर्डी वाजते, त्या जगाचा तिच्याशी संबंध असो वा नसो. वाळवंट आलं की ऊद हे अरबी तंतुवाद्य, मंदिर आलं की बासरी, आणि तीही तयार नमुन्यांच्या संचातली एकच तान. ज्याने बासरी लहानपणापासून ऐकली आहे त्याला मींड कुठे खोटी लागली ते लगेच कळतं. एखाद्या परंपरेतून वाद्य घ्यायचं ठरलं, तर त्या परंपरेत वाढलेला एक तरी वादक स्टुडिओत बसवा. एका दिवसाच्या रेकॉर्डिंगनेही फरक पडतो.

बासरीचा मला आवडलेला वापर आहे २०१७ च्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये. पात्र घडवताना खेळाडूला चेहरा आणि शस्त्राबरोबर एक वाद्यही निवडायला मिळतं: बासरी, चेलो, ऊद किंवा बाल्कन प्रदेशातली तंबुरा. लढाईत मोक्याच्या क्षणी तेच वाद्य पुढे येतं. बासरी इथे कुठल्या प्रदेशाची पाटी म्हणून येत नाही. ती खेळाडूच्या नायकाची असते.

[मिक्सिंगचा पडदा. एकाखाली एक चार ध्वनिपट्टे. एकेक चालू-बंद होतात.]

यामागे एक तांत्रिक कौशल्य आहे, आणि संगीतकार निवडताना ते तपासायलाच हवं. चित्रपटात दृश्य किती सेकंदांचं हे संगीतकाराला माहीत असतं. गेममध्ये खेळाडू दारापाशी दोन सेकंद थांबेल किंवा चहा करायला उठून जाईल. म्हणून रचना थरांमध्ये बांधतात. खाली शांत थर, त्यावर ठेका, त्यावर आवाज. परिस्थिती पालटली की थर चढतात किंवा उतरतात, सुरावट मात्र तुटत नाही. वाइज आणि एफमॉड यांसारखी सॉफ्टवेअर हे जोडकाम करतात, पण रचनाच तशी नसेल तर तीही हतबल होतात.

२०१७ च्याच ‘नियर: ऑटोमाटा’मध्ये केइची ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रचनेची शांत, मध्यम आणि जोमदार रूपं केली, गाण्यासह आणि गाण्याविना. यंत्राच्या आत शिरून खेळायचा टप्पा आला की तीच रचना त्याच जागेवरून जुन्या चिपच्या आवाजात पुढे चालू राहते. या मालिकेतल्या आधीच्या, २०१० साली आलेल्या गेममध्ये गायिका एमी इव्हान्स यांनी बऱ्याच गाण्यांसाठी चक्क बनावट भाषा रचल्या. कुठल्या तरी खऱ्या भाषेची झाक, पण अर्थ लागत नाही. अर्थ लागणारे शब्द आणि पात्रांचे संवाद एकमेकांच्या आड येतात. इथे माणसाचा गळा राहिला आणि संवादांची वाटही मोकळी राहिली.

मग प्रत्यक्ष निवड करायची कशी? चाचणीसाठी बहुतेक जण लढाईचा ट्रॅक मागतात. मी गावाचा मागवीन, आणि पैसे देऊन मागवीन; फुकट नमुने लिहून घेणं बरं नव्हे. तीच धून रात्रीची करून द्या म्हणेन, मग तेच गाव जळून गेल्यावरची. ट्रॅक आला की तो लावून ठेवायचा आणि दुसरं काम करत बसायचं. तासाभराने हात आपोआप आवाज कमी करायला गेला, तर ती धून गेममध्येही त्रास देणार.

आणि गेम अर्धवट असताना कुठलंही गाजलेलं संगीत तात्पुरतं लावून ठेवू नये. महिनाभरात सगळ्यांच्या कानाला त्याची सवय होते. मग संगीतकाराने काहीही आणलं तरी ‘ते आधीचं होतं तसं हवं’ असं ऐकायला मिळतं, आणि एका चांगल्या माणसाच्या हातून उसनी नक्कल करून घेतली जाते. हक्क, मोबदला, किती मिनिटांचं संगीत, बदल किती वेळा, हे कागदावर सुरुवातीलाच आणावं. त्यात लांबण लावण्यासारखं काही नाही.

कामाच्या ओझ्याविषयी मात्र बोललं पाहिजे. यासुनोरी मित्सुदा ‘फायनल फँटसी’ काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीत ध्वनिपरिणाम करत होते. संगीत लिहायला द्या, नाहीतर मी जातो, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, आणि त्यांना ‘क्रोनो ट्रिगर’ मिळाला. १९९५ साली आलेल्या या गेमचं संगीत आजही मैफलींत वाजतं. पण कामाच्या ताणाने त्यांना पोटाचे अल्सर झाले आणि उरलेल्या काही रचना उएमात्सूंना पूर्ण कराव्या लागल्या. तळमळीचा माणूस निवडावाच, पण त्याला पुरेसा वेळ आणि मदतीला दुसरा माणूस देणं ही निवडणाऱ्याची जबाबदारी.

[रंगमंचासारखं दालन. खलनायक हात पसरून उभा.]

‘डिव्हिनिटी’चे जुने संगीतकार किरिल पोक्रोव्स्की २०१५ साली गेले. त्यांच्या जागी आलेले बोरिस्लाव स्लावोव्ह यांचं २०२३ मधलं काम म्हणजे ‘बाल्डर्स गेट ३’. पात्र घडवायच्या पडद्यावर खेळाडूला एक सुरावट भेटते आणि पुढे ती गेमभर वेगवेगळ्या वेशांत येत राहते, कधी नुसत्या वाद्यांवर, कधी गळ्यातून. पण मला दाखवायचं आहे ते हे दृश्य. राफेल नावाच्या सैतानाशी लढाई सुरू होते, ऑर्केस्ट्रा चढतो, आणि स्वतः राफेलच गाऊ लागतो. स्वतःचाच गौरव, लढता लढता. हे गाणं राफेलचे संवाद बोलणाऱ्या नटाच्याच आवाजात आहे.

या एका प्रसंगासाठी लेखकाने पात्राला नाटकी अहंकार दिलेला हवा, नटाला गाता यायला हवं, आणि पात्राची सुरावट लढाईच्या आधीपासून खेळाडूच्या कानात रुजलेली हवी. सगळे प्रसंग बांधून झाल्यावर बोलावलेल्या संगीतकाराला यातलं काहीच जुळवता येत नाही. तेव्हा कथा कच्च्या खर्ड्यात असतानाच त्याच्यासमोर बसा आणि विचारा: यातलं कोणतं पात्र गाईल?