जंगलाचा हिशेब कोणाच्या वहीत?

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर मेंढा लागतं. लेख्याजवळचं गोंडांचं हे लहानसं गाव, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. गावाभोवतीचं सुमारे 1,800 हेक्टर जंगल 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या सामूहिक हक्कात आलं.

हेच जंगल डेहराडूनहून वेगळं दिसतं. तिथली भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन मोजते. जागा निदान एक हेक्टर हवी, झाडांचं छत्र निदान 10 टक्के हवं. मग तिथे मोह-तेंदू-ऐन असोत, की कोणाची आमराई. राज्याराज्यांची तुलना करायला हा हिशेब मोलाचाच आहे. पण यंदा बांबूच्या बेटातले कोवळे वास्ते, म्हणजे कोंब, वाढू दिले की तोडून नेले, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी बेटापाशी जाऊन वाकावं लागतं.

म्हणून जंगलावर देखरेख कशी चालते हे पाहायचं, तर आधी विचारावं: जंगलात फिरतं कोण? तोडीची नोंद कुठे होते? आणि ती नोंद वाचून कोणी कधी तोड थांबवतं का?

वनहक्क कायद्याचं कलम 5 जंगल, वन्यप्राणी आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा, तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता. गाव त्यासाठी अडून राहिलं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बातम्या झाल्या त्या बांबूच्या पैशांच्या. मला मात्र ते पुस्तकच जास्त मोठं वाटतं. किती बांबू बाहेर गेला, तो आकडा आता गावात राहतो. पुढच्या वर्षी बेटं विरळ दिसली, तर जाब विचारणारे आणि जाब देणारे एकाच सभेत समोरासमोर बसलेले असतात.

गडचिरोलीत आज हजाराहून जास्त ग्रामसभांकडे असे सामूहिक हक्क आहेत. त्यांच्या वह्या वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलातल्या कामांच्या आराखड्यात, धरल्या जातात का, हे गावागावांत जाऊनच तपासावं लागेल.

उन्हाळा आला की मोहफुलं वेचायचे दिवस, आणि वणव्याचेही. उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो. पाल्याच्या फांद्या घेऊन आगीपर्यंत माणसंच पोचतात.