पातळ तळाचे बूट आणि बेताची चाल

श्रोतेहो, नमस्कार.

1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. हे सगळेच सांगतात. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि तीन मिनिटं आणखी लवकर पोहोचला, हे मात्र पातळ तळाचे बूट विकणारे सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे मिलिंद सोमण 2016 मध्ये अहमदाबादहून मुंबईला अनवाणी धावत आले. ते पाहून बूट काढून ठेवण्याचा मोह होतो. मोह वाईट नाही, घाई वाईट आहे.

पातळ तळाच्या बुटांनी दुखापत टळते असं ठामपणे म्हणता येत नाही. 2014 मध्ये पाच बोटांचे, म्हणजे हातमोज्यासारखी प्रत्येक बोटाला वेगळी जागा असलेले, बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने अशाच दाव्यांवरचा अमेरिकेतला खटला मिटवताना ग्राहकांसाठी साडेसदतीस लाख डॉलर देण्याचं मान्य केलं, चूक मात्र मान्य केली नाही. खरं तर हे बूट शरीरावरचा भार दुसरीकडे हलवतात. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. ती उंची शून्यावर आणली की गुडघ्यावरचा ताण थोडा उतरतो आणि पोटरी, टाचेमागची कंडरा (पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी) आणि चवड्याची बारीक हाडं यांच्यावर चढतो. गुडघा कुरकुरणाऱ्याला हे बरं वाटेल. ज्याची टाचेमागची कंडरा आधीच दुखते आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

बूट बघताना तीन गोष्टी पाहा. बूट हातात घेऊन टाचेपासून टोकापर्यंत गुंडाळता आला पाहिजे. आतलं सोल बाहेर काढून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना त्यावर उभे राहा. बोटं सोलच्या कडेबाहेर जाता कामा नयेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. तिसरं म्हणजे टाच आणि चवडा एका पातळीत हवेत. सुरुवातीला 4 मिलिमीटरचा फरक चालेल, किंबहुना तोच बरा. शाळेतले पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज तळाला पातळ असतात खरे, पण पुढे निमुळते असतात आणि करंगळी चेपतात. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पातळ तळाचा विचारही करू नये. काच टोचली तरी कळणार नाही.

आता चाल. धावायला लागलं की दम काही आठवड्यांत वाढतो, कंडरेला आणि हाडाला मात्र महिने लागतात. वाढलेला भार आला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्याने भरतं. त्या मधल्या आठवड्यांत ते पहिल्यापेक्षा नाजूक असतं. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, अंगात हुरूप असतो आणि माणूस वेग वाढवतो. बहुतेक दुखापती इथे होतात, आणि दोष बुटाला दिला जातो.

म्हणून बुटाची सवय होईपर्यंत सगळं धावणं गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. न थांबता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. आकडा हवा असेल तर अमेरिकी प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं ढोबळ सूत्र आहे: 180 मधून वय वजा करा. चाळिशीच्या माणसाने नाडी 140 च्या वर जाऊ द्यायची नाही. नुकतीच दुखापत झाली असेल तर आणखी 5 वजा. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी, गोळी घेणाऱ्यांना हे सूत्र लागू नाही. मनगटावरचं घड्याळ कधी कधी नाडीऐवजी पावलंच मोजून 170 दाखवतं, तेव्हा वाक्याची कसोटी खरी माना. आणि मुंबईच्या दमट हवेत याच नाडीला वेग कमी मिळेल. चढावर तर चालावं लागेल. लाज वाटू देऊ नका. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, हाही सरावच आहे.

पहिले दोन आठवडे नव्या बुटात धावायचंच नाही. रोज अर्धा तास चाला आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करा: दोन्ही पायांवर 15 वेळा, असे तीन फेरे. मग एका पायावर. एका पायावर सलग 20 वेळा टाच पूर्ण उचलता आली की धावायला हरकत नाही. मग आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान 48 तास सोडून, एक मिनिट धावणं आणि एक मिनिट चालणं असं पाच वेळा. हे सरावाच्या सुरुवातीलाच, पाय ताजे असताना करा, आणि मग जुने बूट घालून उरलेलं धावा. पोटरी दमल्यावर पावलाची ठेवण बिघडते. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा, आठवड्याचं एकूण अंतर मात्र तेच ठेवा. निम्मं धावणं नव्या बुटात यायला तीन ते सहा महिने लागतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची असेल तर दिवाळीत बूट बदलू नका. साताऱ्याच्या स्पर्धेसाठी घाट चढणाऱ्यांनीही थांबावं. चढावर टाचेमागची कंडरा आणखी ताणली जाते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मुद्दाम चवड्यावर, टाच अधांतरी ठेवून धावणं. टाच दर पावलाला हलकेच जमिनीला टेकू द्या. त्याऐवजी पावलं मोजा: उजवा पाय 30 सेकंदांत किती वेळा पडतो ते पाहून चारने गुणा. ही मिनिटाची पावलं. 160 आली तर 168 पर्यंत न्या, 180 पावलांचा हट्ट नको. पाऊल आखूड करायचं, वेग तोच ठेवायचा.

दुखणं कुठलं चालेल? दोन्ही पोटऱ्या एक-दोन दिवस सारख्याच भरून आल्या तर चालेल. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेखाली कळ आली, तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत या. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागे, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, 10 आठवड्यांत पाच बोटांच्या बुटांकडे वळलेल्या धावपटूंच्या पावलांच्या हाडांत, एमआरआयवर, जुन्या बुटांत धावणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त सूज दिसली होती. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच धावायला लागू नका. हाडाची बारीक भेग एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

नमस्कार.